मायो-डी: एका स्विचची गोष्ट

बारावीला बायॉलॉजी सोडलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. बेडकाच्या आकृत्या नाहीत, लॅटिन नावं नाहीत, पीसीएम घेऊन सुटलो एकदाचा! त्यामुळे जीन, डीएनए वगैरे मंडळी माझ्या डोक्यात शिरली ती थेट कॉम्प्युटरच्या दारातून. डीएनए म्हणजे सोर्स कोड, पेशी म्हणजे मशीन, संपला विषय. ही उपमा आमच्या फील्डमधल्या प्रत्येकाने कधी ना कधी टपरीवर चहा पिता पिता मारलेली असते.

गोची अशी की ही उपमा पहिल्याच साध्या प्रश्नाला अडखळते. डोळ्याच्या पडद्यातली पेशी घ्या आणि दंडाच्या स्नायूतली घ्या. दोन्हींत डीएनए तोच, अक्षर न् अक्षर. (काही अपवाद आहेत, पण ते राहू द्या.) एकच कोड, एकच बिल्ड. मग एक पेशी उजेड ओळखते आणि दुसरी आखडते-सैलावते, हे कसं काय? कुठलीतरी कॉन्फिगरेशन फाइल असणार. ती कुठे आहे? आणि कोणी जाऊन त्यातली एकच ओळ बदलली तर?

गेले दोन-तीन वीकेंड मी या प्रश्नामागे लागलोय, आणि त्या नादात मला हॅल वाइनट्रॉब नावाचा माणूस सापडला. त्याने ती ओळ खरंच बदलून पाहिली होती. १९८७ साली, सिअ‍ॅटलमध्ये.

पण आधी थोडं मागे जाऊ.

स्नायूची पेशी हा एक विचित्र प्रकार आहे. बहुतेक पेशींना एक केंद्रक असतं, स्नायूच्या लांबलचक तंतूत मात्र शेकडो असतात. कारण हा तंतू अनेक लहान पेशी एकमेकींत विरघळून तयार होतो. या लहान पेशींना म्हणतात मायोब्लास्ट. मायोब्लास्ट दिसायला अगदी साधी असते, विभागत राहते, स्नायूसारखं काहीही करत नाही. पण तिचं ठरलेलं असतं. बशीतलं पोषण कमी करा, की ती विभागणं थांबवते, शेजारणींना चिकटते, सगळ्या मिळून एक नळी होते आणि ती नळी चक्क फडफडायला लागते.

हे मला समजलं ते इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनवरून. मायोब्लास्ट म्हणजे मेकॅनिकलला ॲडमिशन झालेला मुलगा. त्याला अजून काहीही येत नाही, लेथ मशीन पाहिलेलंही नाही, पण ब्रँच ठरलीये. फडफडणारा तंतू म्हणजे नोकरीला लागलेला इंजिनिअर. शास्त्रज्ञांना दुसरा टप्पा बऱ्यापैकी माहीत होता. पहिला टप्पा, म्हणजे ब्रँच नेमकी ठरते कशी, हे गूढ होतं.

हॅरॉल्ड ऊर्फ हॅल वाइनट्रॉबचा जन्म १९४५ चा, न्यू जर्सीतल्या न्यूअर्कचा. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्याने डॉक्टरी आणि पीएचडी दोन्ही केलं, हॉवर्ड होल्टझर यांच्याकडे. होल्टझर म्हणजे कोंबडीच्या गर्भातल्या स्नायूंवर आयुष्य घालवलेला माणूस. त्यांचं म्हणणं असं, की पेशीचं नशीब कुठल्यातरी एका खास विभाजनाच्या वेळी ठरतं. ही थिअरी पुढे काही टिकली नाही, पण प्रश्न बरोबर होता, आणि तो शिष्याच्या डोक्यात पक्का बसला.

शिष्याचं पहिलं मोठं काम १९७६ चं, मार्क ग्रुडीनबरोबरचं. त्यांनी कोंबडीच्या लाल रक्तपेशींची केंद्रकं घेऊन त्यांवर डीएनए कापणारं एक एन्झाइम सोडलं. हिमोग्लोबिनमधल्या ग्लोबिन या प्रोटीनचा जीन तिथे झटकन कापला गेला. तोच जीन दुसऱ्या प्रकारच्या पेशीत तितक्या सहज कापला जाईना. म्हणजे वापरात असलेला जीन उघडा असतो, आणि वापरात नसलेला घडी घालून ठेवलेला. कोड तोच, पण एका ठिकाणी फोल्डर उघडं आणि दुसरीकडे झिप केलेलं! माझी उपमा थोडी सावरली. पण झिप कुणी करायचं आणि अनझिप कुणी, हे अजून कळलेलं नव्हतं.

आता सीन बदलतो. दक्षिण आफ्रिका, सत्तरचं दशक. पीटर जोन्स आणि त्यांचे सहकारी कॅन्सरवरच्या औषधांचा अभ्यास करत होते. त्यासाठी ते उंदराच्या गर्भातून काढलेल्या पेशी वापरत. या पेशींना म्हणतात टेन-टी-हाफ. या फायब्रोब्लास्ट जातीच्या, म्हणजे शरीरात भराव घालणाऱ्या, कामसू, कुठलंही ग्लॅमर नसलेल्या. एखाद्या रसायनाने कॅन्सर होतो का हे तपासायला या पेशी तयार केल्या होत्या. जोन्स यांच्या टीमने त्यांच्यावर ५-अ‍ॅझासायटिडिन नावाचं औषध टाकलं. काही दिवसांनी बशीत पाहतात तर काय, स्नायू! लांब, अनेक केंद्रकांच्या नळ्या. टेन-टी-हाफचा स्नायूशी काहीएक संबंध नसताना.

१९७७ साली फिलिपा कॉन्स्टँटिनिडीस, जोन्स आणि गेव्हर्स यांचा हा निष्कर्ष 'नेचर'मध्ये आला. पुढे जोन्स अमेरिकेत गेले. १९७९ मध्ये शर्ली टेलरबरोबर त्यांनी दाखवलं की याच औषधाने त्याच पेशींतून चरबीच्या आणि कूर्चेच्या पेशीही निघतात. १९८० मध्ये कारण सापडलं. डीएनएच्या अक्षरांवर मिथाइल नावाचे छोटे रासायनिक शिक्के असतात, आणि जीन बंद ठेवण्यात त्यांचा हात असतो. हे औषध ते शिक्के पुसून टाकतं. (हेच औषध २००४ पासून अमेरिकेत रक्ताच्या एका आजारावर अधिकृतपणे वापरलं जातंय. एकाच रेणूने किती ठिकाणी लुडबुड करावी!)

आता इथे थांबून जरा विचार करा. औषध आंधळं आहे. त्याला स्नायूचा जीन कुठला आणि यकृताचा कुठला काही कळत नाही, ते वाटेल तिथले शिक्के पुसत सुटतं. स्नायू व्हायला समजा पन्नास जीन स्वतंत्रपणे उघडावे लागत असते, तर आंधळेपणाने नेमके तेच पन्नास एकत्र उघडण्याची शक्यता जवळपास शून्य. पण इथे तर पेशी धडाधड स्नायू होत होत्या! म्हणजे उघडावं लागणारं कुलूप एकच असणार, फार तर दोन-चार. ते उघडलं की बाकीची आपोआप.

हे लॉजिक मला जाम आवडलं. सूक्ष्मदर्शकातून काही नवं न पाहता, नुसत्या फ्रीक्वेन्सीवरून केलेला तर्क. लॉग फाइल वाचून बग कुठल्या मॉड्यूलमध्ये आहे ते सांगणाऱ्या माणसासारखा.

वाइनट्रॉब १९७८ पासून सिअ‍ॅटलच्या फ्रेड हचिन्सन कॅन्सर संशोधन केंद्रात होता. (फ्रेड हचिन्सन हा बेसबॉलपटू, १९६४ साली कॅन्सरने गेला. त्याच्या सर्जन भावाने त्याच्या नावाने हे केंद्र उभारलं.) वाइनट्रॉबच्या प्रयोगशाळेतल्या अँड्र्यू लासारने १९८६ साली त्या तर्काची परीक्षा घेतली. औषधाने स्नायूच्या वाटेला लागलेल्या पेशींचा नुसता डीएनए काढायचा आणि औषध न लावलेल्या टेन-टी-हाफमध्ये घालायचा. हजारो वसाहतींत एखादीच, पण स्नायूची वसाहत उगवली! म्हणजे एवढ्या मोठ्या डीएनएत कुठेतरी एक तुकडा होता, जो एकट्याने ब्रँच ठरवत होता.

आता तो शोधायचा कसा? तेव्हा जीनोम वाचून झालेला नव्हता. सर्च बॉक्स नव्हता. मग लासार आणि रॉबर्ट डेव्हिस यांनी जे केलं त्याला आपण सरळ 'डिफ' म्हणू शकतो. मायोब्लास्टमध्ये चालू असलेल्या सगळ्या जीनचे संदेश गोळा करायचे. साध्या टेन-टी-हाफमधले चालू संदेश गोळा करायचे. दोन्ही एकत्र करायचे. जे समान असतील ते एकमेकांना चिकटतात, ते फेकून द्यायचे. उरेल तो फरक. फक्त हा डिफ कमांड मारून एका सेकंदात होत नाही, टेस्ट ट्यूब घेऊन महिनोन् महिने करावा लागतो.

गाळत गाळत हातात तीन उमेदवार राहिले: मायो-ए, मायो-डी आणि मायो-एच. मग शेवटची परीक्षा. प्रत्येक उमेदवाराला विषाणूकडून उसना घेतलेला, कायम चालू राहणारा स्टार्टर जोडायचा आणि टेन-टी-हाफमध्ये सोडायचा. मायो-ए, काही नाही. मायो-एच, काही नाही. मायो-डी घातलेल्या पेशी स्नायू झाल्या.

एकच जीन. २४ डिसेंबर १९८७ च्या 'सेल'च्या अंकात पेपर आला. शीर्षकातच सांगून टाकलं होतं की एकाच जीनची प्रत घातली की फायब्रोब्लास्टचा मायोब्लास्ट होतो.

(त्याच अंकात, काही पानं आधी, आणखी एक पेपर होता. ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी नावाचा आजार असतो. मुलग्यांना होतो, चालता-खेळता पोरगा हळूहळू व्हीलचेअरवर येतो. या आजारात जे प्रोटीन गायब असतं ते लुई कंकेल यांच्या टीमने ओळखून त्याला डिस्ट्रोफिन असं नाव दिलं होतं. हे दोन पेपर लक्षात ठेवा, त्यांची नंतर गाठ पडणार आहे.)

पुढची दोन-तीन वर्षं म्हणजे धमाल होती. वाइनट्रॉबच्या लोकांनी मायो-डी रंगद्रव्याच्या पेशींत घातला, मज्जापेशींत, चरबीच्या, यकृताच्या पेशींत घातला. १९८९ च्या पेपरमध्ये या सगळ्यांत स्नायूचे जीन चालू झालेले दिसतात. विचार करा, मज्जापेशीच्या वाटेवरची पेशी स्नायूचं प्रोटीन बनवतेय! दाखल्यावर एक शिक्का मारला आणि कॉमर्सचा मुलगा लेथवर उभा. अर्थात सगळ्या पेशी इतक्या सहज मानल्या नाहीत. काहींनी अर्धवट ऐकलं, काहींनी अजिबात दाद दिली नाही. पेशीचा पूर्वेतिहास आडवा येतो, हे तेव्हाच दिसलं होतं.

मायो-डी करतो काय? तो डीएनएवर जाऊन बसतो. त्याची आवडती जागा सहा अक्षरांची: सी-ए, मग कुठलीही दोन, मग टी-जी. म्हणजे ठरलेली अक्षरं चारच. चार अक्षरांच्या भाषेत असा क्रम सरासरी दर २५६ अक्षरांमागे एकदा योगायोगानेच येणार. उंदराचा जीनोम साधारण २७० कोटी अक्षरांचा. करा भागाकार: कोटीभर जागा! इतक्या खुर्च्यांतून हा पठ्ठ्या बरोबर स्नायूच्या जीनजवळची कशी निवडतो? पूर्ण उत्तर गुंतागुंतीचं आहे, आणि २०१० मध्ये सिअ‍ॅटलच्याच स्टीफन टॅपस्कॉट यांच्या गटाने दाखवलं की तो वाटतो तितका चोखंदळ नाहीच. तो हजारो जागांवर बसतो, आणि त्यातल्या पुष्कळ जागांचा स्नायूच्या जीनशी थेट संबंध दिसत नाही. तो बसतो तिथली घडी सैल होते. म्हणजे अनझिप करणारा हाच.

तो एकटा बसत नाही, जोडीदार लागतो. जोडीदार प्रोटीन जवळजवळ सगळ्या पेशींत असतं, म्हणून तर मायो-डी कुठेही टाकला तरी चालतो. आणि १९९० मध्ये वाइनट्रॉबच्याच प्रयोगशाळेत रॉबर्ट बेनेझ्रा यांना एक तिसरं प्रोटीन सापडलं. नाव आयडी. हे मायो-डीचा जोडीदार पळवतं आणि दोघांनाही निकामी करतं. पेशी विभागत असते तोवर आयडी भरपूर असतं, विभागणं थांबायची वेळ आली की घटतं आणि मग मायो-डीला मोकळं रान. ब्रँच ठरलेली असूनही मायोब्लास्ट तंतू न होता थांबून का राहते, त्याचं हे एक मोठं कारण.

पण मला सगळ्यात आवडली ती गोष्ट वेगळीच. मायो-डी स्वतःचाच जीन चालू करतो. बाहेरून थोडा मायो-डी दिला की पेशीचा स्वतःचा झोपलेला मायो-डी जागा होतो, आणि मग तो स्वतःला जागं ठेवतो. हे वाचलं आणि कोड-बिड सगळं विसरून मला आईचं विरजण आठवलं. दुधात चमचाभर दही घाला, सकाळी पातेलंभर दही, आणि त्यातलाच चमचा उद्याच्या दुधात. पेशी विभागली तरी तिच्या लेकी स्नायूच्याच वाटेवर का राहतात, त्याचं उत्तर हे विरजण आहे. सोर्स कोडची उपमा इथे मला अगदीच फिकी वाटली.

तर १९९० पर्यंत चित्र असं होतं: मायो-डी म्हणजे मास्टर स्विच. स्नायूचा बॉस. फक्त एक खटकणारी बाब होती. बॉसची भावंडं सापडत होती. डॅलस आणि ह्यूस्टनमध्ये मायोजेनिन सापडला, जर्मनीत हान्स-हेनिंग आर्नल्ड यांच्या गटाला मिफ-५ सापडला, मागोमाग चौथाही आला. चौघांचा मधला भाग जवळपास सारखा, आणि चौघांपैकी कुणालाही टेन-टी-हाफमध्ये टाका, स्नायू होतो. आता चार-चार बॉस कशाला?

१९९२ मध्ये बॉम्ब पडला. केंब्रिज, मॅसॅच्युसेट्सला व्हाइटहेड इन्स्टिट्यूटमध्ये रुडॉल्फ येनिश यांच्याकडे मायकेल रुडनिकी आणि सहकाऱ्यांनी मायो-डीचा जीनच मोडलेले उंदीर तयार केले. मास्टर स्विच काढल्यावर काय व्हायला हवं? स्नायूशिवाय पिल्लू. झालं काय? उंदीर जन्मले, वाढले, पिंजऱ्यात बागडले, त्यांना पिल्लं झाली. स्नायू जागच्या जागी, अगदी व्यवस्थित!

त्याच अंकात मिफ-५ मोडलेल्या उंदरांचा पेपर होता. तिथेही स्नायू ठीक. मात्र बरगड्यांत दोष, आणि त्यामुळे पिल्लं जन्मताच दगावली.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, गेलं, पाच वर्षांचं काम पाण्यात. पण नीट पाहिलं तर कुठलाच प्रयोग खोटा नव्हता. १९८७ चा प्रश्न होता: स्नायू करायला मायो-डी पुरेसा आहे का? उत्तर: हो. १९९२ चा प्रश्न होता: स्नायू करायला मायो-डी आवश्यक आहे का? उत्तर: नाही. पुरेसं आणि आवश्यक हे दोन वेगळे प्रश्न आहेत. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला गणिताच्या सरांनी हे फळ्यावर लिहिलेलं असतं, आणि आपण सगळे नंतर आयुष्यभर त्यात घोटाळा करतो. अमुक सर्व्हर बंद केला, साइट चालूच राहिली, म्हणजे तो सर्व्हर काही कामाचा नाही! असं ठासून बोलणारा एक तरी माणूस प्रत्येक प्रोजेक्टमध्ये असतो. (मीही होतो एकदा. त्या रात्री दोन वाजता मला फोन आला होता. असो.)

उंदरांमध्ये नेमकं तेच चाललं होतं. मायो-डी गेल्यावर मिफ-५ चं प्रमाण वाढलं होतं. एका सर्व्हरचा लोड दुसऱ्याने उचलला. १९९३ मध्ये रुडनिकींनी दोन्ही मोडलेले उंदीर तयार केले. ती पिल्लं जिवंत जन्मली, पण जराही हलत नव्हती, आणि लगेच मेली. शरीरात हाडांना हलवणारा स्नायू नावालाही नव्हता. मायोब्लास्टसुद्धा नाही. त्याच वर्षी मायोजेनिन मोडलेले उंदीरही आले. त्यांच्यात मायोब्लास्ट होत्या, पण तंतू जेमतेम. म्हणजे ब्रँच ठरवणारे हे दोघे, आणि नोकरीला लावणारा मायोजेनिन. विभागणी कळली.

त्या बरगड्यांचं पुढे काय झालं ते सांगायलाच हवं, कारण आमच्या लोकांना ते फार भावेल. २००० साली मिफ-५ पुन्हा मोडून पाहिला, पण यावेळी मोडताना वापरलेला जास्तीचा डीएनए मागे ठेवला नाही. बरगड्या नॉर्मल! आठ वर्षं पुस्तकांत बसलेला तो दोष मिफ-५ चा नव्हताच, आजूबाजूला केलेल्या तोडफोडीचा होता. बग प्रॉडक्टमध्ये नाही, टेस्टिंगच्या सेटअपमध्ये. २००४ मध्ये तर असंही कळलं की शेजारचा चौथा भाऊही थोडीफार ब्रँच ठरवू शकतो. १९९३ च्या उंदरांत त्याचीही गळचेपी झाली होती.

आता ते दोन पेपर. डिस्ट्रोफिन नसलेला एक उंदीर शास्त्रज्ञांकडे आहे, त्याला एमडीएक्स म्हणतात. ड्यूशेनच्या मुलांत जे प्रोटीन नसतं तेच यात नसतं. पण मुलगा व्हीलचेअरवर येतो आणि हा उंदीर आरामात पळत असतो. का? त्याचे तंतू तुटतात, पण तितक्याच वेगाने दुरुस्तही होतात. स्नायूच्या तंतूला चिकटून काही राखीव पेशी झोपलेल्या असतात. अलेक्झांडर मॉरो यांनी १९६१ मध्येच त्या पाहिल्या होत्या, त्यांना सॅटेलाइट पेशी म्हणतात. तंतू फाटला की त्या जाग्या होतात, विभागतात, आणि नवा तंतू विणतात. आणि जाग्या होताना त्या काय चालू करतात? मायो-डी.

१९९६ मध्ये रुडनिकींच्या गटाने त्या 'नॉर्मल' मायो-डी-विरहित उंदरांचे स्नायू दुखावून पाहिले. दुरुस्ती धड होईना. मग मायो-डी नसलेले आणि डिस्ट्रोफिन नसलेले उंदीर यांचा संकर केला. एक दोष असलेला उंदीर ठीक, दुसरा दोष असलेलाही बऱ्यापैकी ठीक. दोन्ही एकत्र असलेला उंदीर गंभीर आजारी, पाठ वाकलेली, चालणं बिघडलेलं, आणि अकाली मृत्यू. १९८७ च्या एकाच अंकातली ती दोन प्रोटीन्स नऊ वर्षांनी एका उंदरात भेटली, तीही गैरहजर राहून.

१९९२ चा पेपर चुकला नव्हता, त्यांनी शीर्षकातही 'वरवर पाहता' असा सावध शब्द घातला होता. पण तो उंदीर पिंजऱ्यात होता, खाऊनपिऊन सुखी. त्याला कधी मोठी जखमच झाली नव्हती. जो कोड फक्त संकटात चालतो, तो रोजच्या टेस्टमध्ये दिसणार कसा?

माणसाचं काय? बरीच वर्षं या प्रश्नाला उत्तर नव्हतं. उंदरावरून अंदाज केला असता, तर मायो-डी नसलेलं मूल निदान जन्माला तरी ठीक येईल असं वाटलं असतं. २०१६ मध्ये एका कुटुंबाची हकिगत प्रसिद्ध झाली. तिथल्या भावंडांमध्ये मायो-डीच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या होत्या. गर्भातच त्यांची हालचाल नीट झाली नाही, फुप्फुसं वाढली नाहीत, आणि ती बाळं जन्माच्या सुमारास गेली. २०१८ मध्ये वेगळ्या बिघाडाची आणखी एक हकिगत आली, श्वासपटल कमकुवत आणि श्वासाचा त्रास. उंदरात मिफ-५ ने जो लोड उचलला, तो माणसात पूर्ण उचलला जात नाही. निदान श्वासाच्या स्नायूंचा तरी नाही.

हे वाचल्यावर मी लॅपटॉप बंद करून थोडा वेळ गॅलरीत उभा राहिलो होतो. इतका वेळ मी सर्व्हर आणि लोड म्हणत होतो...

स्विचची कल्पना मात्र मेली नाही. २००६ मध्ये जपानच्या शिन्या यामानाका यांनी काझुतोशी ताकाहाशीबरोबर उलटी दिशा पकडली. फायब्रोब्लास्टचा स्नायू होतो, तर फायब्रोब्लास्टची पुन्हा गर्भासारखी कोरी पेशी होईल का? उमेदवार चोवीस. एकेकटा टाकून काही होईना, म्हणून सगळे एकत्र टाकले, मग एकेक वगळत गेले, शेवटी चार उरले. या पेशींना आयपीएस म्हणतात (पोलीसवाले नव्हेत :) ). २०१२ ला यामानाका यांना जॉन गर्डन यांच्यासोबत नोबेल मिळालं, आणि आपल्या कल्पनेच्या मुळांत मायो-डी आहे हे त्यांनी स्वतः सांगितलंय. वाइनट्रॉबला एकाच जीनमध्ये काम झालं हे नशीबच म्हणायचं. चार लागले असते, तर एकेक उमेदवार तपासण्याच्या पद्धतीने ते कधीच सापडले नसते.

रोजच्या वापरातही मायो-डी आहे. लहान मुलांमध्ये ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा नावाची गाठ होते. सूक्ष्मदर्शकाखाली ती इतर गाठींसारखीच दिसू शकते. मग पॅथॉलॉजिस्ट तिच्या कापावर मायो-डी आणि मायोजेनिन ओळखणारा रंग चढवतात. केंद्रकं रंगली, की ही पेशी स्नायूच्या वाटेवरची हे कळतं. स्विच चालू आहे, तरी पेशी विभागणं थांबवत नाही, हाच तर तो आजार.

१९९६ चे उंदीर, यामानाका, २०१६ ची बाळं, यातलं काहीच वाइनट्रॉबने पाहिलं नाही. त्याच्या मेंदूत गाठ झाली होती. २८ मार्च १९९५ ला तो गेला, पन्नाशीही गाठली नव्हती. कॅन्सर संशोधन केंद्रात सतरा वर्षं घालवलेला माणूस.

त्याची टीम शेवटच्या दिवसांत नव्या जीनवर काम करत होती. मायो-डीसारखाच, पण मज्जापेशींचा. नाव ठेवलं होतं न्यूरो-डी. बेडकाच्या गर्भात त्याचा संदेश टोचला, तर त्वचा व्हायला निघालेल्या पेशी मज्जापेशी झाल्या. हा पेपर 'सायन्स'मध्ये १२ मे १९९५ ला छापून आला. लेखकांच्या यादीत शेवटचं नाव हॅरॉल्ड वाइनट्रॉबचं आहे.